फोटो काढा, पण पोटाचा!

आज जाऊया मालदीवच्या समुद्रात, पाण्याखाली. मी तिथे स्कुबा करायला गेले ती मँटा रेचे फोटो काढायला. पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर, तरी दिसेलच याची खात्री नाही. मग शोधायची कुठे? प्रवाळावरच्या ‘क्लीनिंग स्टेशन’वर. तिथे छोटे मासे मँटाच्या अंगावरचे परजीवी खातात, म्हणून ती पुन्हा पुन्हा येते.

नियम एकच: पाठलाग नाही. मागे लागलात की ती क्षणात गायब. थोडं लांब, तळाजवळ शांत थांबायचं. श्वास रोखायचा नाही, संथ घ्यायचा. वीसेक मिनिटांनी एक भली मोठी सावली थेट डोक्यावरून गेली, आणि मी कॅमेरा वर धरला.

पोटाचाच फोटो का? पोटावरचे ठिपके प्रत्येक मँटाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ‘मँटा ट्रस्ट’सारख्या संस्था अशा फोटोंवरून कोणती मँटा कधी, कुठे दिसली याची नोंद ठेवतात. कल्ल्यांसाठी यांची शिकार होते, आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. घटलेली संख्या भरून यायला वर्षं लागतात, म्हणून एकेक नोंद मोलाची.

तुमच्या फोनमध्ये असा फोटो पडून आहे? मग पाठवा की! भेटू पुढच्या भागात.