आपल्या नावावरचं अनोळखी कर्ज



पॅन-आधारची झेरॉक्स आपण किती ठिकाणी दिली, आठवतंय? तिच्या आधारे कोणी आपल्या नावावर कर्ज उचललं, तर ते बऱ्याचदा कळतं मुलांच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेल्यावर.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पतअहवाल मोफत देतात. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवा. अनोळखी कर्ज दिसलं, तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. १९३० वरही कळवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

सर, बाई, ‘आम्हाला आता कुठे कर्ज काढायचंय’ म्हणू नका. जेवणानंतर मोबाईल घेऊन या, तुमचाही अहवाल बघू.