फोटोतले पाखरू



आज पाखरांविषयी बोलणार आहे. हसू नका. आपल्या बेलापुराजवळून प्रवरा वाहते. ती पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिच्या काठच्या चिखलात थंडीत जी पाखरे चरतात, त्यांची ही गोष्ट.

हल्ली घरोघरी मोबाईल आहे. कोणी फोटो काढतो आणि विचारतो, "गुरुजी, हे कोणतं पाखरू?" फोटो लांबून काढलेला, त्यातून हात हललेला. उत्तर द्यायचे कसे?

आधी बगळा घ्या. बगळा पांढरा, हे पोरही सांगेल. पण पांढरे बगळे एका जातीचे नसतात. ढोरांमागे फिरतो तो गायबगळा. त्याची चोच आखूड आणि पिवळी. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण बोटे पिवळी. जणू पिवळे मोजे घातले आहेत! मात्र तो चिखलात उभा असला की मोजे दिसायचे नाहीत. मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी असते, विणीच्या दिवसांत काळी होते. म्हणून नुसत्या चोचीच्या रंगावर जाऊ नये. त्याच्या तोंडाची चीर पहा. ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मध्यम बगळ्याची चीर डोळ्याखालीच संपते.

बगळे तरी सोपे. खरी पंचाईत तुतवारांची. तुतवार हे पुस्तकातले नाव. हे पाखरू मैनेपेक्षा थोडे लहान, वरून तपकिरी, पोटाला पांढरे. पावसाळा सरता सरता उत्तरेकडून येते, उन्हाळ्यात परत जाते. त्यात साधा तुतवार, हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार असे तिघे आपल्याकडे दिसतात. हिरवा तुतवार हिरवा नसतो, बरं का! त्याची पाठ काळपट असते. नाव ठेवणाऱ्याला काय दिसले कोण जाणे.

एका वर्षी मार्गशीर्षात एका मुलाने मला असाच फोटो दाखवला. पाठ काळीभोर दिसत होती. मी चष्मा पुसला आणि सांगून टाकले, "हिरवा तुतवार." वहीत लिहिलेसुद्धा. हेडमास्तर होतो ना! मला कोण विचारणार?

आमच्या रात्रीच्या वर्गात नदीवर मासे धरणारे एक गृहस्थ येत. त्याच वर्षी अक्षरे शिकलेले. पक्ष्यांच्या पुस्तकातले चित्र त्यांनी बोट ठेवून वाचले. मग म्हणाले, "गुरुजी, फोटो काढला तेव्हा मी तिथंच होतो. उडाला तेव्हा पाण्याला लागूनच गेला. पंख नुसते थरथरवत होता. शेपटीवर पांढरं काही दिसलं नाही."

मी गप्प झालो. हिरवा तुतवार उडाला की ओरडत उंच जातो, आणि शेपटीच्या वर पांढराशुभ्र पट्टा दिसतो. पाण्याला लागून थरथरत जाणारा तो साधा तुतवार. मी फोटो पुन्हा पाहिला. खांद्यापाशी पंखाच्या पुढे पांढरी पाचर वर चढलेली होती. ही साध्या तुतवाराची खूण. फोटो मावळत्या सूर्याकडे तोंड करून काढलेला, म्हणून पाठ काळी दिसली. ठिपकेवाला म्हणावे, तर त्याचे पाय लांब व पिवळसर, आणि डोळ्यावरची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. तसेही काही नव्हते. वहीतले नाव मी त्यांच्यासमोरच खोडले.

एका पाखराचे एवढे काय, असे वाटेल. पण दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्षी मोजतात. १९८७ सालापासून हे चालू आहे. कोणते पाणी जपायचे, ते ठरवायला हे आकडे लागतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर जपण्याजोग्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेले. तिला रामसर यादी म्हणतात. महाराष्ट्रातली तिच्यातली ती पहिली जागा. माझ्या वहीतले चुकीचे नाव अशा मोजणीत गेले असते, तर न आलेला पाहुणा आला असे झाले असते.

तेव्हा फोटो काढाल तर एक काढू नका, चार काढा. सूर्य पाठीशी घ्या. जवळ टिटवी असेल तर तीही फोटोत येऊ द्या, म्हणजे आकार कळतो. पाखरू कसे उडाले, कसे ओरडले, ते घरी आल्यावर लगेच लिहून ठेवा. आता लिहिता येते ना?

माझ्या वहीत अजून एक फोटो चिकटवलेला आहे. नुसती पाठ आणि एक पाय दिसतो. त्याच्याखाली मी लिहिले आहे, "तुतवार. कोणता, ते कळले नाही."