डाळ शिजेना, त्याची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बदलापुरात "आलं का?" एवढंच विचारलं तरी पुरतं. काय आलं, ते सांगावं लागत नाही. पाणी किती वेळ आलं यावर पंचवीस वर्षांत आपण पुष्कळ भांडलो. आज मी पाणी कसं येतं यावर बोलणार आहे. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा अधूनमधून वर्गात बसल्यासारखं वाटेल, ते सांभाळून घ्या.

आपल्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत. नळाच्या तोटीवर पांढरे चट्टे. बादलीला कडेनं थर. अंगाला साबण लावावा तर फेस नाही. गीझरची कॉइल वारंवार जाते. आणि तूरडाळीला कितीही शिट्ट्या द्या, वर पाणी आणि खाली डाळ! यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "बदलापूरचं पाणीच जड."

मंडळी, हे खरं नाही. जीवन प्राधिकरण आपल्याला आणि अंबरनाथला मुख्यतः उल्हास नदीचं पाणी देतं. आपला बॅरेज तर सगळ्यांनी पाहिलेला आहे. उल्हासनगरला पाणी येतं ते एमआयडीसीकडून. उल्हास येते लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून. घाटातला पाऊस आणि भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी तिला मिळतं. हे पाणी दगडाच्या पोटात फार काळ मुरलेलं नसतं, म्हणून ते बरंच मऊ असतं.

बोअरचं तसं नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि आपल्या काळ्या कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षं राहतं. तिथे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. शाळेत याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचे. फेसाशी वैर असलेलं पाणी!

मग बोअरचं पाणी आपल्या स्वयंपाकघरात कसं आलं? ते मी आणलं. एका उन्हाळ्यात पुरवठा फार कमी झाला होता, आणि मी सेक्रेटरी होतो. प्लंबरला बोलावून बोअरचा पाइप खालच्या टाकीला जोडून घेतला. "दोन महिन्यांची सोय," असं नोटीस बोर्डावर लिहिलंही. पाऊस आला, गेला. पाइप तिथेच राहिला.

त्या दिवसांत आमच्या घरी रोज खटका उडायचा. आई सुनेला म्हणायची, "तू डाळ नीट भिजवतच नाहीस." ही बिचारी डाळीचा वाणी बदलून पाहायची, कुकरची रिंग बदलून पाहायची. एके दिवशी हिनं गेटजवळच्या, थेट लाइनच्या नळावरून एक कळशी भरून आणली आणि दोन भांड्यांत तीच डाळ वेगवेगळ्या पाण्यात लावली. कुकर उघडल्यावर मला हाक मारली, "अहो, बघा. डाळ तीच, कुकर तोच." एका भांड्यात वरण होतं, दुसऱ्यात दाणे. रसायनशास्त्राचा मास्तर मी, आणि प्रयोग हिनं केला. आई त्या दिवशी काही बोलली नाही; पण पुन्हा डाळीवरून बोललीही नाही.

कारण साधं आहे. डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. कॅल्शियम ते पेक्टिन घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ मऊ होत नाही. साबणाशी तेच कॅल्शियम मिळून चिकट साका होतो, म्हणून फेस येत नाही. पाणी तापलं की क्षार कॉइलवर बसतात. त्या थरातून उष्णता नीट जात नाही, वीज जास्त लागते.

आता भीतीबद्दल. जड पाण्यानं मुतखडा होतो, असं पुष्कळ जण सांगतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या जडपणाला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. खरी काळजी वेगळी आहे. प्राधिकरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं. त्यात न तपासलेलं बोअरचं पाणी मिसळलं की त्या क्लोरीनचं बळ कमी होतं.

दारावर मशीन विकायला येणारे पाण्यात दोन कांड्या बुडवून पाणी तांबूस करून दाखवतात. घाबरू नका. ती कांडीच्या लोखंडाची करामत असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून लोखंड झिजतं आणि रंग येतो. आरओ घ्यायचा तर आधी पाणी तपासा. एक लिटर पाण्यामागे तो बऱ्याचदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पाण्यासाठी भांडणाऱ्या गावाला हे परवडणारं नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या तीन. पहिली, थेट लाइन, बोअर आणि गच्चीवरची टाकी, तिन्हींचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. दुसरी, बोअरला वेगळी टाकी आणि वेगळी लाइन द्यावी. ते पाणी फ्लश, गाड्या आणि बागेसाठी वापरावं. खर्च आहे, मान्य. पण घराघरांतले गीझर, मशीन आणि तोट्या यांचा खर्च एकदा मांडून बघा. तिसरी, गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरजवळ जिरवावं.

तोपर्यंत घरी काय करायचं? स्वयंपाकाला थेट लाइनचं पाणी भरून ठेवा. तोटीवरच्या चट्ट्यांना वाण्याकडचं लिंबूसत्व पाण्यात कालवून लावा. संडासाचं ॲसिड नको. गीझर फार कडक तापवू नका.

पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. तो पाइप जोडायच्या कागदावर माझी सही होती. सोडवायच्या ठरावावर पहिली सही मी करीन. दुसरी माझ्या घरातली प्रयोगशाळा करणार आहे. बाकीच्या आपण कराव्यात.