रांजण भरलेला असावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशा दिवशी चार गोड शब्द बोलावेत असा रिवाज आहे. मी मात्र आज एका हरवलेल्या ठेव्याची गोष्ट सांगणार आहे.

माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. त्यांतल्या चाळीसएक मी मोबाइलवर त्यांच्याच आवाजात भरून घेतल्या. मुलाने त्या क्लाउडवर ठेवल्या व म्हणाला, "आई, आता फोन हरवला तरी काळजी नाही." मी निर्धास्त झाले. पुढे सासूबाई गेल्या. फोन बिघडला, नवा आला, नंबरही बदलला. वर्षश्राद्धाच्या दिवशी नात म्हणाली, "आजी, पणजीचा आवाज ऐकव ना!" खाते उघडू गेले, तर परवलीचा शब्द आठवेना, आणि ओळख पटविण्याचा आकडा जाई तो बंद पडलेल्या जुन्या नंबरावर. ओव्या कुठेतरी असतील, पण आमच्यापुरते दार मिटले ते मिटलेच.

क्लाउड म्हणजे ढग. पण भगिनींनो, वस्तू आभाळात नसते. ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी संगणकावर असते. तिथे वीज लागते, तिथे आग लागते, आणि तिथले नियम आपण करीत नाही. गूगलचेच पाहा. फोटो हवे तितके फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून संपली. आता सगळे मिळून १५ जीबी. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचा नियमही २०२३ मध्ये आला. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. फोन व क्लाउड एकमेकांशी जोडलेले असले, तर फोनमधून पुसलेला फोटो बहुधा तिकडूनही पुसला जातो. म्हणजे दोन प्रती आहेत असे वाटते, पण खरी एकच असते.

मोठ्यांचेही असेच होते. दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांनी कामाचे कागद आपल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवावेत, असा सरकारचा आग्रह होता. सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. उलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीचे क्लाउडवरील खाते गूगलच्याच चुकीने पुसले गेले. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, म्हणून ते सावरले.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण संताजी जगनाड्यांनीही अभंग आपल्या हाताने उतरवून ठेवले होते, आणि त्या वह्यांवरून पुढे वि. ल. भाव्यांनी गाथा छापली. आणि आपण तर करमाळ्याच्या बायका! कमलाभवानीच्या देवळाजवळच्या बारवेला ९६ पायऱ्या आहेत. पाण्यासाठी इथल्या माणसांनी किती खोल उतरावे याची ती साक्ष. नळ घरात आला म्हणून आपल्यापैकी कोणी रांजण फोडला का? नळ वाहतो तोवर रांजण भरून ठेवावा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. क्लाउड हा नळ आहे. तो जरूर वापरा, पण घरी रांजण हवा.

जाणते लोक सांगतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. फोनमध्ये एक, घरच्या हार्डडिस्कवर दुसरी, क्लाउडवर किंवा लेकीच्या घरी तिसरी. निवडक फोटो कागदावर छापून घ्या. परवलीचे शब्द वहीत लिहून कपाटात ठेवा. नंबर बदलण्याआधी खात्यात नवा नंबर नोंदवा. आणि वर्षातून एकदा ती डिस्क उघडून पाहा. न तपासलेली प्रत ही झाकण न उघडलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी असते.

माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळाचे जुने फोटो व बचतीच्या नोंदी हल्ली एकाच भगिनीच्या खात्यात आहेत. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या प्रती करून तिघींच्या घरी ठेवू या. त्याच दिवशी प्रत्येकीने आपल्या घरच्या म्हातारीचा आवाजही भरून आणावा व त्याची प्रत करून न्यावी. माझ्या ओव्या गेल्या. तुमच्या जाऊ नयेत, एवढेच मागणे.