बर्लिनच्या बायकांचे रेशनकार्ड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे नीटनेटके केले आहे, इतकेच.)



दरवर्षी या दिवशी बाहेरचे कुणी पाहुणे बोलवावयाचे आणि घरच्यांनी ऐकावयाचे, अशी आपली रीत. यंदा कार्यकारिणीने ठरविले की बोलणारीही घरचीच असावी, आणि चिटणीसबाई माझ्या दारी येऊन बसल्या. "इतिहासावर काहीतरी सांगा, पण सनावळ्या नकोत," ही त्यांची अट. तीस वर्षे मुलींच्या शाळेत इतिहास शिकविलेल्या बाईला ही अट म्हणजे मिठावाचून स्वयंपाक करण्यासारखी आहे. तेव्हा थोड्या सनावळ्या येतीलच. त्या सोसून घ्याव्यात.

विषय मी शीतयुद्धाच्या पहिल्या वर्षांचा घेतला आहे. शीतयुद्ध म्हटले की अणुबाँब, अग्निबाण, ट्रूमन, स्टालिन अशी नावे डोळ्यांपुढे येतात. हा सगळा जणू ओटीवर बसणाऱ्या पुरुषमंडळींचा विषय. माझ्या मनात मात्र त्या काळाचे चित्र निराळेच आहे. हातात पिशवी आणि रेशनकार्ड घेऊन रांगेत उभी असलेली एक बाई मला दिसते. ती बर्लिनची आहे, आणि साल आहे १९४८.

ती मला का दिसते, तेही सांगते. माझा जन्म १९४४ चा, मुंबईच्या चाळीतला. त्या काळी मुंबईत धान्य रेशनवर मिळे. आईचे बोट धरून मी त्या रांगेत पुष्कळदा उभी राहिले आहे. आमचे कार्ड आई देवाच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवी. सोन्याची एक बारीक माळ होती ती मात्र पेटीत असे. यावरून काय ते समजा.

आता बर्लिनकडे वळू. १९४५ मध्ये जर्मनी हरला आणि अमेरिका, रशिया, ब्रिटन व फ्रान्स या चौघांनी तो देश वाटून घेतला. राजधानीचे बर्लिन शहरही चौघांत वाटले गेले. पण हे शहर रशियाच्या वाट्याच्या मुलखात, पश्चिमेकडच्या हद्दीपासून शंभराहून अधिक मैल आत. एखादा वाडा चौघा भावांनी वाटून घ्यावा आणि तो वाडा सबंध एकाच भावाच्या शेतात उभा असावा, असा हा प्रकार! दुसऱ्या भावांनी जायचे यायचे कुठून, हा तंटा ठेवलेलाच.

शहर तर विटामातीचा ढीग झाले होते. पुरुष मेलेले, नाहीतर कैदेत. राहिल्या होत्या बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्या बायकांनी १९४५ च्या वसंतात जिंकणाऱ्या शिपायांकडून काय सोसले, ते या व्यासपीठावरून विस्ताराने सांगत नाही; आपण सगळ्या समजू शकतो. रशियनांनीच त्या मे महिन्यात शहराला अन्न दिले, हेही खरे आहे आणि तेही सांगितले पाहिजे.

अन्न वाटण्यासाठी रेशनकार्डांचे पाच वर्ग केले. अंगमेहनतीचे जड काम करणारा पहिल्या वर्गात. आणि शेवटच्या, पाचव्या वर्गात कोण, ओळखा पाहू! गृहिणी. घर सांभाळते, म्हणजे काही काम करीत नाही, असा हिशेब. त्या कार्डावर इतके थोडे मिळे की बर्लिनच्या लोकांनी त्याला नाव ठेवले 'स्मशानाचे कार्ड'. पुढे तो वर्ग रद्द झाला. पण तोवर हजारो बायका पडक्या इमारतींच्या विटा वेचून, साफ करून रचून ठेवण्याच्या कामावर गेल्या, कारण त्या कामाला वरच्या वर्गाचे कार्ड मिळे. मुलांच्या तोंडी पावाचा एक तुकडा जास्त पडावा म्हणून एका राजधानीचा ढिगारा बायकांनी उपसला.

१९४६ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली. मतदारांत बायका पुरुषांहून पुष्कळच जास्त. रशियाच्या पाठिंब्याचा पक्ष वीस टक्क्यांच्याही आत राहिला. पुढे महापौर म्हणून एर्न्स्ट रॉयटर यांची निवड झाली, तिला रशियाने हरकत घेतली. म्हणून १९४७ च्या मे महिन्यापासून कामचलाऊ महापौर असलेल्या लुईझ श्रोडर नावाच्या बाईच पुढेही त्या जागी राहिल्या. पुढची सारी आणीबाणी आली तेव्हा शहराच्या खुर्चीवर त्या होत्या. पुस्तकांत सेनापतींची नावे ठळक असतात. या बाईंचे नाव शोधावे लागते.

बरे, भांडण पेटले कशावरून? चलनावरून. जुन्या नोटांना कागदाइतकीही किंमत उरली नव्हती. बाजारात सिगारेटी मोजून व्यवहार होत. २० जून १९४८ रोजी पश्चिमेकडच्या तिघांनी आपल्या भागांत नवा मार्क काढला. म्हणजे तिकडे वेगळे जर्मन राज्य उभे राहणार, हे रशियाने ओळखले. ज्या देशाने जर्मनीशी लढताना दोन कोटींहून जास्त माणसे गमावली, त्याला याची धास्ती वाटावी यात नवल नाही. पण त्या धास्तीचा राग निघाला तो शहरातल्या घराघरांवर. २४ जूनला रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. पूर्वेकडून येणारी वीजही तोडली. वीस लाखांवर माणसे कोंडली गेली.

त्या वेळी अणुबाँब एकट्या अमेरिकेजवळ होता. तिने जुलैत बी-२९ जातीची मोठी बाँबफेकी विमाने इंग्लंडात आणून उभी केली. हिरोशिमावर बाँब टाकला तो याच जातीच्या विमानाने, त्यामुळे निराळी धमकी द्यावी लागली नाही. पण रस्त्याने रणगाडे घालावेत तर युद्ध पेटणार. सोडून निघावे तर शहर जाणार. वाट सापडली ती एका कागदात. विमानांच्या तीन मार्गांचा करार १९४५ च्या नोव्हेंबरात लेखी झाला होता. रस्त्यांचे मात्र सारे तोंडीच राहिले होते! घरच्या वाटणीतही जे लिहून घेतलेले असते तेच पुढे उपयोगी पडते; यावर मला वाटते इथल्या पुष्कळजणी अधिकाराने बोलू शकतील.

आणि मग सुरू झाला तो हिशेब, ज्यात मला सर्वांत गोडी वाटते. सबंध शहराचा वाणसामान विमानातून न्यावयाचा! माणसे जगवायची तर रोज काय काय लागेल, याची यादी झाली. गव्हाचे पीठ आणि गहू ६४६ टन, साखर १८० टन, मीठ ३८ टन, दुधाची भुकटी १९ टन, लहान मुलांसाठी ताजे दूध ५ टन, पाव फुगविण्याचे खमीर ३ टन. भाजलेला पाव का नेत नाहीत? कारण पावात पाणी असते आणि पाण्याचे ओझे विमानाला परवडत नाही. पीठ नेऊन तिथे भाजणे स्वस्त. बटाटे सुकवून नेले की वजन पाचव्या हिश्शावर येते. मिठाचा प्रश्न अवघड, कारण विमानाच्या पत्र्याला ते खाते. मग ब्रिटिशांनी समुद्रावर उतरणारी विमाने काढली, ज्यांच्या पत्र्याला खारे पाणी सोसण्याची सवय होती. ती हाव्हेल नदीच्या रुंद पाण्यावर मीठ घेऊन उतरत.

बायकांना काय करावे लागले? वीज दिवसातून दोनदा, दोन-दोन तास, तीही पाळीपाळीने. तुमच्या गल्लीची पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठायचे, दुसऱ्या दिवसाचे रांधायचे, इस्त्री करायची, आणि पुन्हा निजायचे. सुक्या बटाट्याचा लगदा मुले खात नसत. थंडी आली तेव्हा कोळशाचा बहुतेक वाटा वीजघरांना आणि कारखान्यांना, घराला अगदी चिमूटभर.

याच वेळी रशियाने एक देऊ केले, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे. पश्चिम भागातल्या कुणीही पूर्वेकडे येऊन आपले रेशनकार्ड नोंदवावे. त्याला तिकडे धान्य मिळेल, सरपण मिळेल. काही मैल चालत जायचे, नाव लिहून द्यायचे, बस्स. घरात मूल आजारी आहे, चुलीत कोळसा नाही, आणि हाकेच्या अंतरावर ताजा बटाटा आहे. सांगा, आपण काय केले असते? मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. उत्तर खात्रीने देता येत नाही.

नोंद ऐन भरात असतानाही सुमारे एक लाखच नावे पूर्वेकडे गेली. म्हणजे शंभरांत चारपाच. बाकीच्यांनी कार्ड जिथल्या तिथे ठेवले. ज्यांनी नोंदविले त्यांना मी दोष देणार नाही. कुणाची नोकरी तिकडे होती, कुणाचे म्हातारे आईबाप. आणि ज्यांनी नोंदविले नाही त्या सगळ्या सुक्या लगद्यावरच राहिल्या असेही नाही. वेढा काही चिरेबंदी नव्हता. बायका पिशव्या घेऊन पूर्वेच्या बाजारात जात, खेड्यांतून बटाटे आणीत, वाटेत शिपायांनी पकडले तर हिसकावूनही घेत. विमानांनी शहर जगविले हे खरे, पण या पिशव्यांनीही जगविले. जायचे, आणायचे, पण नाव लिहून द्यायचे नाही, असा तो निश्चय होता. स्टालिनला ती नावे हवी होती. ती मिळाली असती तर विमाने कितीही उडोत, शहर आपोआप त्याचे झाले असते.

तिसरा मोठा विमानतळ टेगेल येथे बांधला गेला. ऑगस्टात काम काढले आणि नोव्हेंबरात विमान उतरले. सतरा हजारांवर माणसे पाळ्यांनी राबली, त्यांत बायका निम्म्याच्या आसपास. पाळीला एक गरम जेवण मिळे. धावपट्टीखाली घातला तो शहराचाच ढिगारा. गेल हॅल्वर्सन नावाच्या तरुण अमेरिकन वैमानिकाने हातरुमालांच्या छत्र्या करून मुलांसाठी खाऊ टाकला, ती गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. तीन वर्षांपूर्वी याच आकाशातून त्या मुलांच्या घरांवर बाँब पडले होते. या कामात अपघातांनी ३९ ब्रिटिश आणि ३१ अमेरिकन माणसे गेली. जर्मन कामगारही गेले.

१२ मे १९४९ रोजी रशियाने वाटा मोकळ्या केल्या. तरी विमाने सप्टेंबरअखेरपर्यंत चालूच ठेवली, साठा व्हावा म्हणून. एकूण २३ लाख टन माल गेला, त्यात दोनतृतीयांश कोळसा. आणि पाहा, विमाने अजून पीठ वाहत असतानाच, २९ ऑगस्टला रशियाने आपला पहिला अणुबाँब उडवून पाहिला. २३ सप्टेंबरला ट्रूमननी ती बातमी जगाला सांगितली. इथून पुढे दोघांकडे बाँब झाला. जर्मनीची दोन राज्ये त्याच वर्षी झाली, आणि १९६१ मध्ये त्याच शहरात भिंत उभी राहिली.

धान्यावर कुणाच्या तरी झेंड्याची सावली असते, हे आपल्यालाही नवे नाही. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून आणली आणि नाक मुरडीत भाकरी थापल्या, त्या एकदोघी समोर बसल्या आहेत, हसत आहेत.

एकच गोष्ट सांगते आणि थांबते, चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. त्या वेढ्याची धास्ती पश्चिम बर्लिनने पुढे चाळीस वर्षे सोडली नाही. पुन्हा वाटा बंद झाल्या तर शहर सहा महिने जगावे, म्हणून पीठ, डबाबंद मांस, कोळसा आणि औषधे यांची कोठारे भरून ठेवली. माल जुना झाला की काढून नवा भरीत. १९८९ मध्ये भिंत पडली, दुसऱ्या वर्षी जर्मनी एक झाला, आणि कोठारांचे काम संपले. त्या वेळी सोव्हिएत रशियात अन्नाची टंचाई होती. १९९० च्या हिवाळ्यात बर्लिनच्या त्या कोठारांतले अन्न गाड्या भरून तिकडे पाठविण्यात आले.