यंत्राला वेळ नेमून द्या

(पासली येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभराची कामे उरकून तुम्ही येथे जमला आहात. कोणी गुरे बांधून आले, कोणी चूल आवरून आले. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. आज बोलायचे आहे ते घरातल्या यंत्रांविषयी. मोबाइल, टी.व्ही., डिश, मिक्सर ही यंत्रे आपल्या सुखासाठी घरात आली. मग त्यांच्यापायी दिवसातून दहा वेळा जीव का त्रासतो? आणि हाताचे काम हलके झाले, तरी अंगातला शीण का जात नाही? ह्या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

आम्ही पुष्कळ वर्षे मुख्याध्यापक होतो. निवृत्त झालो, तरी लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. पूर्वी गाऱ्हाणे असे ते मुलांचे. आता असते ते यंत्रांचे. "गुरुजी, फोन सकाळी भरला, अन् दुपारी मेला!" "गुरुजी, पाऊस आला की टी.व्ही. जातो." "गुरुजी, मिक्सरातून जळका वास यायला लागला." मग माणूस चिडतो. यंत्राला काही म्हणता येत नाही, म्हणून पोरावर ओरडतो.

आता हे बघा, कारण कळले की निम्मा राग उतरतो. तेव्हा आधी कारणे पाहू.

फोनचे घ्या. फोन आणि टॉवर सारखे एकमेकांशी बोलत असतात. टॉवर जवळ असला म्हणजे फोनला हळू बोलून भागते. पण ओढ्यापलीकडच्या माणसाला आपण कशी हाक मारतो? अगदी बेंबीच्या देठापासून! फोनचेही तसेच आहे. आपले पासली गाव डोंगरात. डोंगर आड आला, टॉवर लांब राहिला, की फोन जोर लावून हाका मारत राहतो. त्यात त्याची बॅटरी संपते. रानात जेथे रेंज मुळीच नाही, तेथे फोनवरचे विमानाचे चित्र दाबावे. म्हणजे तो हाका मारायचे थांबतो. रेंजमध्ये आल्यावर तेच चित्र पुन्हा दाबावे.

डिशचे तसेच. ती आकाशातल्या उपग्रहाकडून लहरी घेते. तो उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच आहे. जोराचा पाऊस लागला की वाटेत थेंबांचा पडदा उभा राहतो. थेंब लहरी शोषून घेतात. यात काही मोडलेले नसते. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. म्हणून भर पावसात ओल्या कौलांवर चढून डिश हलवू नये. मालिका बुडाली तर उद्या दिसेल. पाय घसरला तर कंबर मोडेल.

विजेचा दाब उतरल्यानेही मिक्सर जळू शकतो. दाब कमी असला की मोटार नीट फिरत नाही, तापते, आणि जळूही शकते. पंखा मंद फिरू लागला की समजावे, आता मिक्सर लावायचा नाही. गेलेली वीज परत आली तरी पाच मिनिटे थांबावे. तोवर पाटा-वरवंटा आहेच. आपला हात जगन्नाथ!

ही झाली लहान दुखणी. आता मोठ्या दुखण्याकडे वळू. ते दुखणे म्हणजे थकवा.

आपल्या आजीच्या काळी पहाटे घरोघर जाते फिरे. पाणी डोक्यावरून येई. सरपण पाठीवरून येई. पुढे गिरणी आली, नळ आले, गॅस आला. काम खरोखरच हलके झाले. मग घरातली बाई विसावली का? नाही विसावली. सन २०२४ मध्ये भारत सरकारने एक पाहणी केली. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे त्यात विचारले होते. घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटे घरकामात जातात असे दिसले. म्हणजे पाच तासांना जरा कमी. आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटे. जे मुळीच हात लावत नाहीत, ते यात धरलेलेच नाहीत! शेतातली आवणी, कापणी, गुरांची वैरण हे सारे या घरकामाहून निराळे.

अशी थकलेली बाई रात्री नऊला भिंतीला पाठ टेकते आणि फोन हाती घेते. बाप्याही दुसऱ्या कोपऱ्यात फोन घेऊन बसतो. दोघांना वाटते, विसावा घेतो आहोत. पण अंग तेवढे बसलेले असते. डोळे आणि मन राबतच असतात. टी.व्ही.वरची मालिका नेमकी अडचणीच्या जागी थांबते, म्हणजे उद्या पुन्हा बसणे आले. फोनवरचे एक चित्र संपते न संपते तोच दुसरे आपोआप सुरू होते.

शेताला बांध असतो. पुस्तकाला शेवटचे पान असते. ह्या चित्रांना बांधच नाही. आणि तो मुद्दामच घातलेला नाही. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती आपल्यापुढे येतात. त्या जाहिरातींचे पैसे कंपनीला मिळतात. म्हणजे आपली घटकाभराची फुरसत हे त्यांचे पीक आहे, बरं का!

यात जाते ती झोप. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते. अंधार पडला की शरीर झोपेची तयारी करू लागते. त्यात डोळ्यांवर फोनचा उजेड पडला, की शरीराला वाटते अजून दिवसच आहे. झोप लांबते. आता एक हिशेब करा. रोज दोन तास झोप बुडाली. सात दिवसांत किती? चौदा तास. म्हणजे आठवड्यात दोन अख्ख्या रात्री गेल्या! आवणीच्या दिवसांत पहाटे पाचला उठून दिवसभर चिखलात वाकायचे. तेथे असे शरीर किती दिवस साथ देईल?

आणि थकलेल्या मनाला खरे-खोटे निवडता येत नाही. समोर येईल ते ते खरे मानते. त्याने केवढा अनर्थ होतो, ते सांगतो. सन २०१८ मधली गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या भागात फोनवरून एक अफवा फिरत होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी. १ जुलै रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथे भिक्षा मागणारे पाच पुरुष आले. ते डवरी गोसावी समाजाचे होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. लोकांना वाटले, हीच ती टोळी. जमावाने पाचही जणांना ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. पाच घरांतले कर्ते पुरुष गेले. आणि मारणारेही आपल्यासारखेच कष्टकरी लोक होते, हे विसरू नका.

म्हणून तुम्हांला आता वाचता येते, त्याचा येथे उपयोग करा. फोनवर बातमी आली की तीन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? कोठे घडले? केव्हा घडले? तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील तर ती पुढे पाठवू नका. व्हॉट्सॲपवर निरोपाच्या वर दोन बाणांची खूण दिसली, तर तो निरोप पुष्कळ हातांतून फिरत आलेला आहे असे समजा. पुष्कळांनी सांगितले म्हणजे ते खरे, असे नव्हे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. कोणी फोन करून बँकेच्या नावाने आकडा विचारला, तर तो सांगू नका. बँक असा आकडा विचारत नाही. चुकून पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

मग काय, ही यंत्रे उचलून ओढ्यात टाकायची? छे! रात्री कोणाला साप चावला, बाळंतीण अडली, तर १०८ ची गाडी ह्याच फोनने येते. पावसाचा अंदाज ह्यावरच कळतो. मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकाचा चेहरा ह्यातच दिसतो. यंत्र हवेच. पण त्याला वेळ नेमून दिला पाहिजे, आणि वेळ झाली की ते मिटले पाहिजे. हे एकट्याने जमत नाही. दहा जणांनी मिळून केले तर जमते. याची दोन उदाहरणे देतो. एक जुने आहे, एक अलीकडचे.

जुने उदाहरण रेडिओचे. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक उपक्रम झाला. त्याला युनेस्को या जागतिक संस्थेची मदत होती. पाच जिल्ह्यांतली १५० गावे त्यासाठी निवडली. त्यांत आपला पुणे जिल्हाही होता. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे तो चालला. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ असे. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते एकत्र बसत आणि अर्धा तास रेडिओ ऐकत. मग रेडिओ बंद! ऐकलेल्यावर बोलणे सुरू. हे आपल्या रानात चालेल का? खर्च किती? अडचण काय? त्यांतले प्रश्न लिहून पुण्याला पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत.

पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली. काही गावांत रेडिओ होता, पण असे मंडळ नव्हते. तीही गावे त्यांनी पाहिली. जेथे ऐकून मग चर्चा झाली, तेथल्या लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. जेथे नुसता रेडिओ वाजला, तेथे त्या मानाने फारच कमी. पाहा, रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो रेडिओ मिटल्यावर जे बोलणे झाले, त्याने.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातले. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा अभ्यासासाठी मुलांच्या हाती फोन आले. शाळा पुन्हा भरल्या, तरी फोन सुटेना. मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना. सरपंच विजय मोहिते यांनी रोज काही वेळ सगळ्या गावाने टी.व्ही. आणि फोन बंद ठेवावा, असे सुचवले. पुरुष मंडळी हसली. बायका मात्र हसल्या नाहीत. आम्हीच मालिका पाहत बसलो तर पोरे कशी ऐकतील, हे त्यांनी ओळखले. सन २०२२ च्या ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने निश्चय केला. देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टी.व्ही. आणि फोन बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला लोक आपोआप ऐकत नव्हते. ग्रामपंचायतीच्या माणसांना घरोघर फिरून सांगावे लागले. मग हळूहळू अंगवळणी पडले.

आपल्याला भोंगा नको. दहा घरांनी ठरवले तरी पुरे. आमचे सांगणे एवढेच आहे. पहिले, जेवताना फोन दूर ठेवायचा. दुसरे, रात्री नऊ वाजता फोन कोनाड्यात जायचा. घंटी ऐकू येईल असा ठेवा, म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडेल. पण अंथरुणात न्यायचा नाही. तिसरे, टी.व्ही.वर काय पाहायचे ते आधी ठरवायचे, आणि ते संपले की बटण दाबायचे. चौथे, बाप्ये मंडळी, हे तुम्हांला आहे. फोन ठेवून जो अर्धा तास मोकळा होईल, त्यात ताटे उचला, पाणी भरून ठेवा, मुलाचे पुस्तक ऐका. घरधनीण लवकर टेकली, तर सकाळी सगळ्यांचीच कामे नीट होतील. आणि नियम आधी मोठ्यांनी पाळायचा. बाप फोनवर आणि पोराला मात्र अभ्यास, हे चालायचे नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, दिवसभर राबून घटकाभर करमणूकही नको का? हवी की! भजन आहे, गप्पा आहेत, गाणे आहे, आवडीची एखादी मालिकाही आहे. पण करमणुकीने मन ताजे झाले पाहिजे. उठताना डोके जड झाले, तर ती करमणूक नव्हे. अति तेथे माती, हे सगळ्यांनाच लागू आहे.

आता आजचे काम सांगतो. वहीचे नवे पान काढा. वर आजची तारीख घाला. खाली तीन ओळी लिहा. रात्री फोन किती वाजता ठेवला? किती वाजता झोप लागली? सकाळी अंग कसे होते, हलके की जड? असे सात दिवस लिहा. खोटे लिहू नका. वही तुमची आहे, आम्ही गुण देणार नाही. आठ दिवसांनी वही उघडून आपण सगळे मिळून पाहू, आणि मग आपापल्या घराची वेळ ज्याची त्याने ठरवावी.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण पुरे करतो. वाट ओली आहे, बॅटरी लावून सांभाळून जा.