संधिवात आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वांद्रे येथे केलेले भाषण)



आज मी जो विषय निवडला आहे तो आपल्या घराघरांत ठाण मांडून बसलेला आहे. तरीही समाजाच्या सभेत त्याचा उच्चार क्वचितच होतो. तो विषय म्हणजे संधिवात. सार्वजनिक आरोग्य म्हटले की आपणांस देवीची लस किंवा क्षयाचे दवाखाने आठवतात. सांधे दुखून माणूस सहसा मरत नाही, म्हणून त्या दुखण्याची दखल घेण्याचे कोणास सुचत नाही. ‘वय झाले, गुडघे दुखायचेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाने घालून दिलेला धडा आपण गिरवावा, एवढ्यासाठी उभा आहे.

ते गाव पुणे जिल्ह्यातील, उजनी जलाशयाकाठचे भिगवण होय. जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ नावाचा उपक्रम आरंभिला. महागड्या यंत्रांवाचून, लोकांच्या दारी जाऊन, त्यांनाच विचारून रोगाचे मोजमाप करावे आणि मग लोकशिक्षणाने त्यास आळा घालावा, हे त्याचे सूत्र. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली हे काम भिगवण येथे केले. स्थानिक स्वयंसेवकांना तयार करण्यात आले व त्यांनी घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस केली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठरांहून अधिकांना, सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे आढळले. शेकडा सुमारे सहांस सांध्यांची झीज होती, तर दोनशेंत एकास आमवात होता.

हे दोन्ही संधिवातच, पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. झीज वयाबरोबर हळूहळू वाढते. वाढलेले वजन तिला खतपाणी घालते. एक किलो वजन उतरले, तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे संशोधकांस आढळले आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि नित्य चालणे, हे तिच्यावरील पहिले औषध. आपल्या वांद्र्यास बँडस्टँड व कार्टर रोड येथे समुद्राकाठी फिरण्याची सोय असताना त्यासाठी वेगळा खर्च तो कोणता?

आमवात मात्र वाट पाहत नाही. तो तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीतिपटीने अधिक होतो. शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते. आरंभीच्या महिन्यांत योग्य औषध मिळाले, तर सांधे वाचतात. विलंब झाला, तर वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. यावरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. नाव नसलेल्या पुड्यांपासूनही सावध असावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असले, तर आराम त्वरित पडतो, पण हाडे ठिसूळ होतात.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घालण्यात आली व नेहमीच्या प्रकारासाठी करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ही मर्यादा ठरली. हे उपकारकच झाले. पण गुडघा बदलणे ही शेवटची पायरी होय. पहिल्या पायरीवर, ‘बाई, तुझी बोटे सुजली आहेत काय?’ असे विचारणारा माणूस हवा. आणि तो सरकारी कचेरीतून प्रत्येक घरी कसा येणार? घरातील गृहिणी सर्वांचा डबा भरते, सर्वांची औषधे ध्यानात ठेवते, आणि स्वतःची दुखरी मूठ पदराआड झाकते. तिचे दुखणे विचारल्यावाचून कळणार नाही.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. आपल्याजवळ सभासद कुटुंबांची यादी आहे, तरुण कार्यकर्ते आहेत. वार्षिक वर्गणी घेण्यास ते घरोघर जातातच. त्या वेळी त्यांनी घरातील प्रत्येक प्रौढास तीन प्रश्न विचारावेत. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहतात काय? एकाहून अधिक सांध्यांस सूज आहे काय? हस्तांदोलन करताना बोटांच्या मुळाशी कळ येते काय? यांपैकी कशाचेही उत्तर ‘होय’ आले आणि त्रास सहा आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर त्या व्यक्तीस विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. पालिकेचे भाभा रुग्णालय आपल्या वांद्र्यातच आहे. सोबत जाण्यास कोणी नसेल, तर कार्यकर्त्याने जावे.

आपले मंडळ दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव करते, ते योग्यच आहे. त्या विद्यार्थ्यांना घडविणारे हात शाबूत राहावेत, हेही आपलेच कर्तव्य होय. भिगवणच्या स्वयंसेवकांना जे साधले, ते वांद्रेकरांना अवघड वाटू नये.